शंभर ग्रॅमची भुकटी

ऑगस्ट 2021 मध्ये केंद्र सरकारने 12 लाख टन जनुकसुधारित सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. पेंड कुठल्या वाटेने यावी हेही आदेशात लिहिले होते: समुद्रमार्गे न्हावा शेवा बंदरातून, जमिनीवरून आली तर बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोल नाक्यावरून. असे खाद्यपीक आपल्या शेतात पेरायला त्या वेळी मुभा नव्हती. पण भरडून तेल काढलेल्या पेंडीतून काही उगवत नाही, असे म्हणून सरकारने दार उघडले. सोयाबीनचा भाव तेव्हा क्विंटलला 10 हजारांच्या घरात पोचला होता. लातूर-वाशिमकडे ज्यांच्या घरात माल शिल्लक होता ते खूश, आणि हीच पेंड खाद्यात घालणारे कोंबडीपालक मेटाकुटीला आलेले.

न्हावा शेवा नवी मुंबईच्या उंबरठ्यावर आहे. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि 95 गावांच्या जमिनी घेऊन शहर वसवायला निघाली, तेव्हा इथे भातखाचरे होती, मिठागरे होती. दिवाळे, घणसोलीसारख्या गावठाणांत अजूनही एखादी गावठी कोंबडी सांडलेला तांदूळ, किडे, मासळीची आतडी असे मिळेल ते टिपत हिंडताना दिसते. तिच्या खाण्याचा खर्च कुठल्याच वहीत चढत नाही. शहराच्या ताटात येणारी कोंबडी निराळी. ती पनवेल, कर्जत, पेण, अलिबागकडच्या शेडमध्ये भाताच्या तुसावर वाढते आणि सहाएक आठवड्यांत दोन किलोंच्या वर भरते. तिच्यावर होणाऱ्या खर्चातले 65 ते 70 टक्के खाद्यावर जातात. मका येतो घाटावरून नाहीतर परराज्यातून, सोयापेंड मराठवाडा, विदर्भ आणि मध्य प्रदेशातून. आणि स्फुरदाचे, म्हणजे फॉस्फरसचे, मूळ खनिज बऱ्याच अंशी परदेशातून, कारण रॉक फॉस्फेटचे मोठे साठे आहेत ते मोरोक्कोत.

इतक्या लांबून, इतके पैसे मोजून आणलेल्या या खाद्यातला चांगला मोठा भाग कोंबडीला पचतच नाही. तो विष्ठेतून तुसावर पडतो आणि पुढे कोंबडीखत म्हणून शेतात जातो. खाद्यात मिसळायच्या एन्झाइमचा धंदा उभा आहे तो या न पचणाऱ्या भागावर.

कोंबडीला दात नसतात. दाणा आधी गळ्यालगतच्या पिशवीत साठतो आणि थोडा भिजतो. मग तो छोट्या, आम्लाने भरलेल्या जठरात जातो आणि तिथून जाड स्नायूंच्या पेषणीत. चिकनच्या दुकानात कलेजी-पेठा मागणाऱ्याला ही पेषणी चांगली ओळखीची असते. त्यातला पेठा म्हणजे तीच. पेषणीत भरडा झाला की लहान आतडे. तोंडापासून शेवटापर्यंतचा हा प्रवास काही तासांत आटोपतो. गाईसारखे पोटात जंतूंचे कोठार बाळगून रवंथ करायची सोय कोंबडीला नाही आणि डुकरालाही नाही. स्टार्च, प्रथिने आणि चरबी फोडणारी एन्झाइम दोघांच्या शरीरात तयार होतात. धान्याच्या पेशीभिंती फोडणारे एन्झाइम मात्र दोघांकडेही नाही, आणि फायटेट फोडणारे असून नसल्यासारखे.

फायटेट म्हणजे बियाण्याची पुढच्या पिढीसाठीची शिदोरी. एका लहानशा वलयावर स्फुरदाचे सहा गट जोडून वनस्पती ही शिदोरी बांधून ठेवते, आणि बी रुजले की कोंब स्वतःच्या एन्झाइमने ती सोडवतो. मका आणि सोयाबीनमधले साधारण 60 ते 70 टक्के स्फुरद याच रूपात असते. तेल काढलेल्या तांदळाच्या कोंड्यात, म्हणजे खाद्य कारखान्यांच्या भाषेतल्या ‘डीओआरबी’त, हे प्रमाण आणखी वर जाते. म्हणजे खाद्यात स्फुरद भरपूर असते आणि कोंबडीची हाडे तरी त्याच्यावाचून उपाशी राहतात. शिवाय हे फायटेट आतड्यात जस्त, कॅल्शियम आणि प्रथिनांनाही चिकटते आणि त्यांना बरोबर घेऊन बाहेर पडते.

यावरचा जुना इलाज म्हणजे वरून स्फुरद घालणे. पूर्वी हाडांची भुकटी आणि सुक्या मासळीचा भुगा घालत. पुढे डायकॅल्शियम फॉस्फेट आले, ज्याला या धंद्यात सगळे डीसीपी म्हणतात. दाण्यातले स्फुरद विष्ठेत जाऊ द्यायचे आणि खनिजातले विकत आणून त्याची भरपाई करायची, अशी ही रीत अनेक दशके चालली. डीसीपी स्वस्त होते तोवर तिच्यातला उधळेपणा कोणाच्या डोळ्यावर आला नाही.

फायटेट फोडणाऱ्या एन्झाइमचा, फायटेजचा, शोध मात्र तोवर कधीच लागलेला होता. 1907 मध्ये जपानच्या उमेतारो सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तांदळाच्या कोंड्यात शोधले. याच सुझुकींनी तीन वर्षांनी कोंड्यातूनच आज बी-1 म्हणून ओळखले जाणारे जीवनसत्त्व वेगळे केले. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत टी. एस. नेल्सन आणि सहकाऱ्यांनी बुरशीपासून काढलेले फायटेज पिल्लांच्या खाद्यात घालून पाहिले, आणि बांधलेले स्फुरद पिल्लांच्या हाडांपर्यंत पोचते हे दाखवून दिले. गोष्ट सिद्ध झाली, पण बाजारात आली नाही. बुरशी ते फार थोडे बनवत होती आणि खनिज त्याहून स्वस्त पडत होते.

चित्र बदलले ते हॉलंडमधल्या डुकरांमुळे. 1980 च्या दशकात त्या एवढ्याशा देशात जवळजवळ माणसांइतकी डुकरे होती. त्यांचे खत जिरवायला जमीन पुरेना आणि स्फुरद भूजलात, कालव्यांत उतरू लागले. 1984 मध्ये डच सरकारने डुकरे आणि कोंबड्यांच्या व्यवसायाच्या वाढीला कायद्याने लगाम घातला आणि नंतर खतातल्या स्फुरदावर मर्यादा आणल्या. आता विष्ठेतले स्फुरद कमी करणे हीच पैशाची गोष्ट झाली. गिस्ट-ब्रोकेड्स या डच कंपनीने एका बुरशीचे फायटेज-जनुक ‘अ‍ॅस्परजिलस नायजर’ या दुसऱ्या बुरशीत अनेक प्रतींत बसवून उत्पादन कित्येक पटींनी वाढवले, आणि 1991 मध्ये जर्मनीच्या बीएएसएफबरोबर ‘नॅटुफॉस’ बाजारात आणले. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने 1998 मध्ये याच्याही पुढे जाऊन, चेसापीक उपसागर वाचवण्यासाठी कोंबडीखाद्यात फायटेज किंवा तत्सम घटक घालण्याची कायद्याने सक्तीच केली.

त्याच बीएएसएफचे एक मोठे संशोधन केंद्र 2017 पासून नवी मुंबईत, ठाणे-बेलापूर रस्त्यावर तुर्भ्याला आहे. तिथले काम मुख्यतः पीकसंरक्षण आणि रसायनांचे. फायटेजचा जन्म तिथला नव्हे. पण गावाचा आणि गोष्टीचा एवढा धागा नोंदवायला हरकत नाही.

आपल्याकडे फायटेज आणायला कुठलाही कायदा लागला नाही. रायगडमधल्या कोंबडीखताला भाजीवाले, आंबावाले गिऱ्हाईक असतात, त्यामुळे विष्ठेतले स्फुरद ही कोणाला डोकेदुखी वाटली नाही. इथे काम केले ते भावाने. 2007-08 मध्ये जगभर रॉक फॉस्फेटचे दर काही महिन्यांत अनेक पटींनी उसळले, डीसीपी महागले आणि आतापर्यंत ‘बघू’ म्हणणाऱ्या खाद्य कारखान्यांनी कॅल्क्युलेटर काढला.

तो हिशेब इथे मांडून पाहण्यासारखा आहे. फायटेजची ताकद एफटीयू या एककात मोजतात: ठरलेल्या आम्लतेला आणि 37 अंश तापमानाला दर मिनिटाला ठरावीक स्फुरद सोडवील तो एक एफटीयू. खाद्यात सर्वसाधारणपणे किलोला 500 एफटीयू घालतात. ग्रॅमला 5,000 एफटीयू असलेली भुकटी घेतली तर एका टनाला ती शंभर ग्रॅम लागते. चहाच्या पुड्याएवढी. ही शंभर ग्रॅम भुकटी टनामागे साधारण एक किलो स्फुरद मोकळे करते असे धरतात. डीसीपीत स्फुरद 18 टक्के, म्हणजे साडेपाच किलो डीसीपी वाचले. दहा हजार पक्ष्यांची एक बॅच 2.2 किलोपर्यंत वाढवायला, किलोला 1.6 किलो खाद्य धरले तर, सुमारे 35 टन खाद्य लागते. म्हणजे साडेतीन किलो भुकटी, आणि जवळजवळ 190 किलो डीसीपीची बचत.

पण या हिशेबातली मेख पहिल्या वाचनात दिसत नाही. भुकटी घातली म्हणून डीसीपी आपोआप वाचत नाही. खाद्याचे सूत्र लिहिणाऱ्या आहारतज्ज्ञाला ते हाताने कमी करावे लागते. या कमी करण्याच्या आकड्यांना धंद्यात ‘मॅट्रिक्स’ म्हणतात: अमुक एन्झाइम घातले तर इतके स्फुरद, इतके कॅल्शियम, इतकी ऊर्जा मिळाली असे समजा. ते कमी न करता वरून फक्त एन्झाइम टाकणारा माणूस दोन्हीकडचा खर्च करतो. आणि मॅट्रिक्स पूर्ण वापरून डीसीपी काढले, पण भुकटीच मेलेली निघाली, तर दोन-तीन आठवड्यांत पक्षी पायांवर उभे राहीनासे होतात. एन्झाइमची खरी किंमत पुडक्यावर छापलेली नसते. समोरच्या मक्यात, पेंडीत किती फायटेट आहे, डीसीपी काय भावाने मिळते आणि सूत्र लिहिणाऱ्याचा त्या भुकटीवर किती विश्वास आहे, यावर ती ठरते.

भुकटी मरते कशी? एन्झाइम हे प्रथिन; तापवले की त्याची घडी विस्कटते. मांसाच्या कोंबडीचे, म्हणजे ब्रॉयलरचे, खाद्य वाफेवर 80-85 अंशांपर्यंत तापवून दाबतात आणि त्याच्या पेलेट पाडतात. पहिल्या पिढीतल्या फायटेजचा बराच भाग या वाफेतच संपायचा. मग एन्झाइमच्या दाण्यांवर आवरण चढवणे, पेलेट थंड झाल्यावर द्रवरूप एन्झाइम फवारणे, उष्णता सोसणारे प्रकार शोधणे असे उपाय आले. बुरशीनंतर ई. कोलाय आणि इतर जिवाणूंची फायटेज पुढे आली, ती पक्ष्याच्या जठरातल्या आम्लात अधिक तग धरतात म्हणून. अंड्यांच्या कोंबडीला आपल्याकडे बहुधा पेलेट न पाडता भरडलेले खाद्य, म्हणजे मॅश, देतात. तिथे हा वाफेचा प्रश्न उद्भवत नाही. पण तिला कवचासाठी चुनखडी भरपूर लागते, आणि जास्त कॅल्शियम फायटेटला धरून बसले की एन्झाइमचे काम अवघड होते.

कोकणचा पावसाळा हा आणखी एक शत्रू. उघड्या पोत्यात दमट हवा शिरली, आणि त्यात भुकटी आधीच कोलीन क्लोराइड व खनिजे घातलेल्या प्रीमिक्समध्ये मिसळून ठेवलेली असली, तर आठवड्यागणिक तिची ताकद उतरत जाते. रंग, वास, वजन सगळे पहिल्यासारखेच राहते. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय ती गेली हे कळायला मार्ग नाही.

करारावर कोंबड्या वाढवणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात यातले काहीच नसते. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे; शेड, तूस, वीज आणि मेहनत त्याची. मोबदला किलोवर मिळतो आणि तो वर-खाली होतो एफसीआरवर, म्हणजे एक किलो वजनाला किती किलो खाद्य लागले यावर. दहा हजार पक्ष्यांच्या बॅचमध्ये एफसीआर 0.05 ने सुधारला तर 1,100 किलो खाद्य वाचते, पन्नास किलोंची बावीस पोती. पोत्यात कोणते एन्झाइम आहे हे त्याला माहीत नसते. त्याला दिसतात पक्ष्यांचे पाय आणि पायाखालचा तूस, ओला की कोरडा.

ओल्या तुसाचा संबंध एन्झाइमच्या दुसऱ्या घराण्याशी आहे. गहू, राय, जव या धान्यांच्या पेशीभिंतींत असे कर्बोदक पदार्थ असतात की आतड्यातल्या पाण्यात ते फुगून चिकट रस होतात. पचन मंदावते, विष्ठा पातळ होते, तूस चिखलतो, त्यातून अमोनिया सुटतो. उत्तर युरोपला मका परवडत नव्हता, जव घरचा होता. म्हणून 1980 च्या दशकाच्या मध्यात फिनलंडमध्ये जवाच्या खाद्यात बीटा-ग्लुकनेज घालायला व्यापारी पातळीवर सुरुवात झाली. गव्हासाठी झायलनेज आले. ही एन्झाइम बनवणाऱ्या बुरशींपैकी एक, ‘ट्रायकोडर्मा रीसाय’, दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी लष्कराचे सुती तंबू खाताना सापडली. सैन्याला ती नष्ट करायची होती; पुढे एल्विन रीस या संशोधकाने तिचा चिवट अभ्यास केला आणि तिला त्याचेच नाव मिळाले. तंबू खाणारी बुरशी आज खाद्य कंपन्यांच्या टाक्यांत मुद्दाम पोसली जाते.

युरोपातल्या पुस्तकावरून भारतातली वही लिहिता येत नाही, ती इथे. आपले खाद्य मका-सोयाचे. मक्याचा रस चिकट होत नाही. त्यामुळे झायलनेजने गव्हाच्या खाद्यात दिसणारा ठसठशीत फरक इथे दिसेल अशी अपेक्षा धरली तर पदरी निराशा येते. इथे फायदा होतो तो पेशीभिंतींत कोंडलेला स्टार्च आणि प्रथिने सुटण्याचा, आणि न पचलेला माल आतड्याच्या टोकाला जाऊन तिथल्या वाईट जंतूंना मिळत नाही याचा. 2019 मध्ये केंद्र सरकारने जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यातल्या कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी आणली, तेव्हापासून या दुसऱ्या फायद्याकडे लक्ष वाढले. प्रथिने फोडणाऱ्या प्रोटिएजचे मात्र थोडे सांभाळून घ्यावे. सोयापेंड नीट भाजली गेली असेल तर त्याला करायला काम कमी उरते, आणि कच्ची राहिली असेल तर आधी पेंडवाल्याला धरायला हवे.

हा माल देशात नुसता येत नाही, इथे बनतोही. ठाण्यात मुख्यालय आणि सिन्नरला कारखाना असलेली अ‍ॅडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीज ही कंपनी औषध आणि अन्नाबरोबर पशुखाद्यासाठीही एन्झाइम तयार करते. 2016 पासून ती शेअर बाजारात आहे. आयात मालाच्या वाटेवर मात्र एक जुना प्रश्न उभा असायचा: खाद्यात मिसळायची पावडर हे खाद्य की रसायन? 1999 मध्ये मुंबईत एका आयातदाराने खाद्यासाठीची ई-जीवनसत्त्वाची पावडर उतरवली आणि ती कोळंबीचे खाद्य म्हणून 5 टक्के जकातीत बसवली. सीमाशुल्क खाते म्हणाले, हे जीवनसत्त्व आहे, 30 टक्के भरा. हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापर्यंत गेला आणि 30 जुलै 2018 रोजी निकाल लागला: सवलतीच्या अधिसूचनेत संदिग्धता असेल तर तिचा फायदा सरकारला. आज करसवलतींच्या खटल्यांत वकील या आयातदाराच्या नावाचा ‘दिलीप कुमार’ निकाल सतत सांगतात. त्याच्या मुळाशी कोळंबीच्या खाद्यात घालायची पावडर होती हे अनेकांच्या गावीही नसते.

फायटेजला जन्म डुकरांच्या प्रश्नाने दिला, पण आपल्याकडे ते डुकरांपर्यंत फारसे पोचलेले नाही. 2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे 90 लाख डुकरे होती आणि त्यांतली 21 लाख एकट्या आसामात. गोव्यात काणकोणच्या आगोंद गावाच्या नावाने ‘आगोंद गोवन’ ही देशी जात राष्ट्रीय पातळीवर नोंदली गेली आहे आणि जुन्या गोव्याजवळच्या एला येथील केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्थेत डुकरांवर काम चालते. पण घरगुती डुकराला पोसते ते खरकटे, कोंडा, हॉटेलातले उरलेसुरले. ज्या खाण्यात आज काय आणि उद्या काय हेच ठरलेले नाही, त्याला मॅट्रिक्स लावणार कसे? कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाने तर एन्झाइम खाद्यात घालण्याऐवजी डुकराच्याच लाळेत उतरवले होते. 1999 मध्ये जन्मलेल्या या जनुकसुधारित ‘एन्व्हायरोपिग’ची विष्ठा स्फुरदाच्या बाबतीत खरोखरच हलकी होती, पण ते डुक्कर खायला बाजार तयार होईना. पैसा आटला आणि 2012 मध्ये शेवटचा कळप मारून टाकण्यात आला. शंभर ग्रॅमच्या भुकटीने जे काम वादाशिवाय होत होते, त्यासाठी नवे जनावर घडवायची गरज काय, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता.

इकडे खाद्याची वही पुन्हा बदलते आहे. 2023-24 च्या इथेनॉल हंगामात उसाच्या रसावर निर्बंध आले आणि मका हा इथेनॉलचा सर्वांत मोठा कच्चा माल ठरला. कोंबडीचा मका आसवन्यांकडे वळला, भाव चढले, आणि पोल्ट्रीवाले मक्याच्याही आयातीसाठी दिल्लीत खेटे घालू लागले. पण आसवनी मक्यातला स्टार्च तेवढा घेते. उरलेला चोथा वाळवून ‘डीडीजीएस’ या नावाने परत खाद्य कारखान्यात येतो. तो स्वस्त आहे आणि त्यात प्रथिने भरपूर आहेत. त्याने सोयापेंडीची जागा बळकावायला सुरुवात केली. 2021 मध्ये 10 हजार पाहिलेले सोयाबीन 2024 च्या हंगामात 4,892 रुपयांच्या हमीभावालाही पोचेना, त्यामागचे हे एक कारण.

हा चोथा भुकटीवाल्याचाही हिशेब उलटवतो. स्टार्च काढून घेतल्याने उरलेले सगळे, तंतुमय भागही, साधारण तिप्पट दाट होते. म्हणजे झायलनेजला पूर्वीपेक्षा काम जास्त. उलट आंबवताना यीस्टने फायटेटचा बराच भाग आधीच फोडलेला असतो. म्हणजे फायटेजला काम कमी, आणि मक्या-सोयासाठी लिहिलेला जुना आकडा इथे खोटा ठरतो. त्यातून मक्यात बुरशीचे विष असेल तर तेही तितक्याच पटीने दाट होऊन येते, आणि त्यावर यातले कुठलेही एन्झाइम चालत नाही. प्रत्येक आसवनीचा चोथा वेगळा निघतो: कुठे जास्त वाळवून काळपट, कुठे ओलसर. त्यामुळे पोते आले की आधी नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि अहवाल हाती आल्यावरच आहारतज्ज्ञ त्या आठवड्याचे सूत्र लिहायला बसतो.